दीड लाखाची लेन्स आणि दहा फुटांची खोली

दिग्रसहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, ती आम्ही पाळतो. पत्र दोन पानांचे आहे. मुलाने गेल्या वर्षी मिररलेस कॅमेरा घेतला. सोनी कंपनीचा, छोट्या सेन्सरचा, सोबत १६-५० ची लेन्स. हळूहळू लग्नाच्या ऑर्डरी मिळू लागल्या. दिग्रस, आर्णी, दारव्हा, पुसद असा तो फिरतो. धाकटी बहीण सोबत जाते आणि नवरीच्या खोलीतले, बायकामाणसांचे फोटो तीच काढते. आता मुलगा म्हणतो की सोबत आलेली लेन्स कामाची नाही, कंपनीचीच २४-७० घ्यायची. दुकानात विचारले तर भाव दीड लाखाच्या वर सांगितला. "आम्ही दोघे जिनिंगमध्ये हंगामी कामाला जातो," असे त्या लिहितात. "बचत गटातून उचलावे की गळ्यातले मोडावे? की पोरगं कोणाच्या नादी लागलं? आणि कॅमेऱ्यासोबत जी काच मिळाली ती कंपनीने खोटी दिली काय, तेवढे सांगा. जयभीम."

ताई, सप्रेम जयभीम. कंपनीने खोटी काच दिलेली नाही आणि तुमचा मुलगा कोणाच्या नादीही लागलेला नाही. नवी लेन्स हवी हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. पण जी लेन्स तो मागतो आहे ती त्याच्या कॅमेऱ्याला शोभत नाही, तुमच्या भागातल्या घरांना पुरत नाही आणि तुमच्या कमाईला तर मुळीच झेपत नाही. गळ्यातले मोडू नका. त्या भावाच्या निम्म्याहून कमी पैशात त्याला अधिक उपयोगी पडणारी लेन्स मिळते. असे आम्ही का म्हणतो ते सविस्तर सांगतो. हा प्रश्न आज तालुक्या-तालुक्यातल्या कितीतरी घरांत आहे आणि तो आईवडिलांनाही कळला पाहिजे, कारण पैसा त्यांचा जातो.

रोलचा काळ वाचकांना आठवत असेल. छत्तीस फोटोंचा एक रोल, लग्नाला दोन रोल म्हणजे चैन. फोटोग्राफर 'हलू नका' म्हणून ओरडायचा, एक फ्लॅश उडायचा, आणि अल्बम हातात यायला महिना लागायचा. आज एका लग्नात हजार-दीड हजार फोटो निघतात, सोबत व्हिडिओ. मिररलेस म्हणजे ज्याच्या पोटातला आरसा काढून टाकला आहे असा लेन्स बदलता येणारा कॅमेरा. पॅनासॉनिकने २००८ मध्ये असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. सोनीने २०१० पासून त्यावर जोर दिला. कॅनन आणि निकॉन यांनी आपल्या मोठ्या सेन्सरच्या मालिका २०१८ मध्ये सुरू केल्या. आरसा गेल्यामुळे कॅमेरा आटोपशीर झाला आणि फोटो काढण्याआधीच तो कसा येणार ते पडद्यावर दिसू लागले. तरी चित्र उमटते ते काचेतूनच. म्हणून हा प्रश्न कॅमेऱ्याहूनही लेन्सचा अधिक आहे.

लेन्सवर जे दोन आकडे असतात, १६-५० किंवा २४-७०, ते मिलिमीटरचे. लहान आकडा म्हणजे लेन्स रुंद पाहते, मोठा आकडा म्हणजे लांबचे जवळ आणते. रिंग फिरवून एकातून दुसऱ्यात जाता येते, तिला झूम म्हणतात. साध्या रोल कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ साली जर्मनीच्या फोइग्टलेंडर कंपनीने काढली, तिचे आकडे होते ३६ ते ८२. सगळ्या नातेवाइकांचा समूहही घेता यावा आणि जागचे न हलता नवरीचा चेहराही टिपता यावा, असा मधला पल्ला ज्या झूममध्ये असतो तिला स्टँडर्ड झूम म्हणतात. लग्नाच्या फोटोग्राफरचे तीन-चतुर्थांश काम याच एका लेन्सवर चालते. म्हणून ती निवडताना घाई नको.

आता मुख्य मुद्दा. तोच आकडा सगळ्या कॅमेऱ्यांवर सारखे दाखवत नाही. जुन्या रोलची फ्रेम ३६ मि.मी. रुंद असे, आज ज्यांना फुल फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्यांचा सेन्सर तेवढाच असतो. तुमच्या मुलाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण साडेतेवीस मि.मी. रुंद आहे. बाजारात त्याला 'क्रॉप' म्हणतात. सेन्सर लहान, म्हणून लेन्सने पाहिलेल्याचा मधला भाग तेवढाच त्यात उतरतो. फुल फ्रेमवर २४ जे दाखवते ते क्रॉपवर ३६ इतके आखूड होते.

याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. फोटोग्राफर आणि माणसे यांच्यातले अंतर फुटांत घ्या, त्याला सेन्सरच्या रुंदीने गुणा आणि लेन्सच्या आकड्याने भागा. किती फूट रुंदीचे चित्र मावेल ते निघते. दहा फुटांवर माणसे उभी आहेत असे धरू. आपल्याकडच्या घरात पुढची खोली यापेक्षा मोठी नसतेच बहुधा, मागे भिंत येते. दहा गुणिले साडेतेवीस, भागिले २४ : पावणेदहा फुटांच्या आसपास. माणसामागे दीड फूट धरला तर आठ जणांच्या ओळीला बारा फूट लागतात. म्हणजे ही महाग लेन्स लावली तर दोन्ही टोकांची माणसे कापली जाणार. एका बाजूला मावशी गेली, दुसऱ्या बाजूला आत्या गेली, आणि या दोघींना वगळून काढलेला फोटो कोणत्या घरात चालतो?

तीच लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर पंधरा फूट दाखवते. मुलाने ज्या मोठ्या फोटोग्राफरच्या गळ्यात ती पाहिली असेल त्याच्याकडे फुल फ्रेम असणार, आणि तो मोठ्या लॉनवर काम करत असणार. त्याची निवड चुकीची नाही. ती त्याच्या कॅमेऱ्याची निवड आहे. उलट तुमच्या मुलाच्या कॅमेऱ्यावर १७ ची लेन्स दहा फुटांवर पावणेचौदा फुटांच्या आसपास दाखवते आणि १८ ची तेरा फूट. आठही माणसे मावतात. फक्त इतक्या रुंद टोकाला अगदी कडेच्या माणसाचा चेहरा ताणला जातो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडी जागा मोकळी सोडावी. हा हिशेब आधी मुलीला विचारा, असे आम्ही सुचवतो. नवरीच्या खोलीत पलंग, कपाट, पंधरा बायका आणि तिच्या हातात कॅमेरा. रुंद लेन्स कशाला लागते ते तिला भावापेक्षा जास्त ठाऊक असेल.

दुसरी गोष्ट उजेडाची. लेन्सवर आकड्यांसोबत २.८, ४, किंवा ३.५-५.६ असे लिहिलेले असते. लेन्सचे छिद्र किती उघडते ते यावरून कळते. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. मुलाच्या १६-५० वर ३.५-५.६ असे आहे. याचा अर्थ रुंद टोकाला ती बऱ्यापैकी उघडते, पण झूम ५० वर नेला की ५.६ पर्यंत आकसते. २.८ ची लेन्स ५.६ च्या चौपट उजेड आत घेते. मंगल कार्यालयात संध्याकाळी जिथे २.८ वर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात फोटो निघतो, तिथे ५.६ वर तिसावा भाग लागतो. तेवढ्यात नवरीने मान वळवली, कोणी फुले उधळली की चित्र पुसट. मग मुले आयएसओ वाढवतात आणि चेहऱ्यावर रवा पडल्यासारखे दाणे येतात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत रात्री ज्याने फोन किंवा साधी लेन्स घेऊन फोटो काढले आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून 'सोबतची लेन्स कामाची नाही' या बोलण्यात अर्धे तथ्य आहे. दिवसा, मंडपाबाहेर, शेतात, शाळेच्या कार्यक्रमात ती उत्तम चालते. वजन अवघे ११६ ग्रॅम. हात हलला तर सावरण्याची सोयही तिच्यात आहे. ही सोय मात्र फोटोग्राफरचा हात सावरते. समोर नाचणाऱ्या माणसाला ती थांबवत नाही. तिथे मोठे छिद्रच पाहिजे. आणि झूम कुठेही फिरवला तरी २.८ कायम राहणारी लेन्स असेल तर व्हिडिओ चालू असताना चित्र मध्येच काळवंडत नाही. व्हिडिओची ऑर्डर घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

एक गोष्ट मात्र लेन्सच्या आधी करून पाहावी. फ्लॅश छताकडे वळवून मारला की खोलीभर मऊ उजेड पसरतो, आणि चांगला फ्लॅश लेन्सच्या मानाने खूप स्वस्तात येतो. पण छत पांढरे पाहिजे. लाल-पिवळ्या मंडपाच्या कापडावर उसळवलेला फ्लॅश चेहरेही लाल-पिवळे करतो. मंडपात म्हणूनच शेवटी २.८ ला पर्याय उरत नाही.

तर मग कोणती लेन्स? तुमच्या मुलाच्या कॅमेऱ्यासाठी आम्ही दोन नावे सांगतो. एक टॅमरॉनची १७-७०, कायम २.८, ती सोनीसाठी २०२१ च्या सुरुवातीपासून मिळते. वजन ५२५ ग्रॅम, आणि हात सावरण्याची सोय लेन्समध्येच आहे. दुसरी सिग्माची १८-५०, हीही कायम २.८, २०२१ चीच. वजन फक्त २९० ग्रॅम, मूठभर. पण हिच्यात सावरण्याची सोय नाही. सोनीच्या ए-६४०० आणि झेडव्ही-ई१० या कॅमेऱ्यांच्या बॉडीतही ती नाही. ए-६७०० मध्ये आहे. मुलाकडे पहिल्या दोहोंपैकी कॅमेरा असेल आणि तो हातात धरून व्हिडिओ काढत असेल, तर टॅमरॉन. बॉडीतच सोय असेल, किंवा मुख्य काम फोटोचे असेल, तर सिग्मा आणखी स्वस्त पडते आणि दिवसभर मानेला भार होत नाही.

आमचा कल टॅमरॉनकडे आहे. कारण लांबचे टोक. विहारात किंवा मंडपात मंगल परिणय चालू असताना भन्तेजींच्या आणि वधूवरांच्या मध्ये कॅमेरा घेऊन घुसणारा फोटोग्राफर पाहुण्यांना आवडत नाही, आम्हालाही नाही. वीस फुटांवरून ७० मि.मी. ला साडेसहा-सात फुटांचे चित्र मिळते; वधूवर दोघेही नीट येतात आणि कोणाच्या आड येत नाही. ५० ला त्याच जागेवरून साडेनऊ फूट येते, म्हणजे बाजूचा कूलरही फोटोत. अंगठी, मंगळसूत्र असे बारीक फोटो दोन्ही लेन्स रुंद टोकाला जवळून काढतात. सिग्मा त्यात पुढे, अगदी वितीपेक्षा कमी अंतरावर फोकस धरते.

सोनीची स्वतःची १६-५५ ही २.८ ची लेन्स २०१९ पासून आहे. काच फार चांगली, भावही तसाच, आणि सावरण्याची सोय तिच्यात नाही. ज्याला परवडते त्याने घ्यावी. तुमच्या घरातून त्या फरकाचे पैसे काढावेत असे आम्हाला वाटत नाही, अल्बमच्या पानावर तो फरक पाहुण्यांना दिसणार नाही.

आणखी एक मोह असतो, लांब पल्ल्याचा. १८-१३५, १८-२०० अशा लेन्स पाहिल्या की वाटते, एकीतच सगळे आले. प्रवासाला त्या छान. पण त्यांचे छिद्र लहान, आणि लग्नात अंधार होतो तेव्हा १३५ चा काही उपयोग राहत नाही.

मुलगा यावर म्हणेल की पुढे फुल फ्रेम घ्यायचाच आहे, मग क्रॉपची लेन्स वाया जाईल. हे तो खरे बोलतो. क्रॉपची लेन्स फुल फ्रेमवर लावली तर २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा दहाच्या आसपास मेगापिक्सेलचे चित्र देतो. पण 'पुढे' म्हणजे केव्हा? फुल फ्रेमची बॉडी आणि तिची लेन्स मिळून जो आकडा होतो तो आजच्या ऑर्डरींवर उभा राहत नाही. आज घेतलेल्या लेन्सने दोन-तीन सीझन कमावून द्यावे. चांगली ठेवलेली २.८ ची लेन्स नंतर विकलीही जाते. उद्याच्या कॅमेऱ्यासाठी आज माणसे कापणारी लेन्स वापरत राहणे हा व्यवहार नव्हे.

आणि हे आमच्या शब्दावरही ठरवू नका. काढलेल्या प्रत्येक फोटोत तो किती मि.मी. वर, किती छिद्रावर काढला याची नोंद आपोआप असते. फोनमध्ये फोटो उघडून माहिती किंवा तपशील दाबला की दिसते. मुलाने मागच्या तीन लग्नांचे जे फोटो अल्बममध्ये गेले तेवढेच घ्यावेत, जे टाकून दिले ते नकोत. एका वहीत १६ ते २४ किती, २४ ते ४० किती, ५० वर किती, अशा रेघा ओढाव्यात. बहीण-भावाचे वेगळे हिशेब करावेत. रुंद टोकाच्या रेघा भरल्या तर २४-७० चा विषय तिथेच संपतो. ५० च्या टोकाला गर्दी असेल तर ७० पर्यंतची लेन्स हवी. एका दुपारचे काम आहे, आणि फुकट आहे.

ज्यांच्याकडे आधीच फुल फ्रेम आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टॅमरॉनची २८-७५ (पहिली २०१८, सुधारलेली २०२१) आणि सिग्माची २८-७० (२०२१, ४७० ग्रॅम) या दोन्ही कायम २.८ आहेत आणि कंपनीच्या २४-७० पेक्षा बऱ्याच स्वस्त. यांत २४ ऐवजी २८ पासून सुरुवात होते; दहा फुटांवर पंधराऐवजी तेरा फुटांच्या आत चित्र येते. लहान घरांत काम जास्त असेल तर सिग्माची २४-७० पाहावी, ती जड आहे. २४-१०५, कायम ४, ही दिवसाच्या कार्यक्रमांना, भाषणांना, शाळेच्या संमेलनाला सुरेख; सोनी आणि कॅनन दोघांचीही आहे. पण ४ म्हणजे २.८ च्या निम्माच उजेड. रात्रीचे काम जास्त असेल तर आम्ही ती घेणार नाही.

कॅननवाल्यांनी एक जाणून घ्यावे. सोनीने आपल्या माऊंटची माहिती दुसऱ्या कंपन्यांना २०११ मध्येच खुली केली, म्हणून तिच्यासाठी स्वस्त लेन्सची एवढी निवड आहे. कॅननच्या आरएफ माऊंटला सिग्माची १८-५० आली ती २०२४ मध्ये. पण कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या लेन्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी त्या मोडीत काढू नयेत; कंपनीचा अडॅप्टर लावला की त्या नव्या मिररलेसवर फोकससह चालतात. निकॉनच्या अडॅप्टरचे तसे नाही. ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही त्यांचा फोकस हाताने करावा लागतो.

आणि ज्यांना धंदा करायचा नाही, घरातल्या मुलाबाळांचे, दीक्षाभूमीच्या प्रवासाचे फोटो हवेत, त्यांनी सोबतची लेन्स वापरावी, निष्कारण खर्च करू नये. अजिंठ्याला जाणाऱ्यांना तेवढी २.८ ची आठवण येईल. लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि आत उजेड अंधुक असतो.

मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांचे फोटो ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे की ती चित्रे माणसांच्या जवळ जाऊन, त्यांचा विश्वास मिळवून झालेली आहेत. लांबून झूम ताणून ती होत नाहीत. तुमच्या मुलाला आणि मुलीला ती एकदा दाखवा. लेन्स कोणती, हा प्रश्न त्यानंतर विचारला तर अधिक बरा.

आता खरेदी. दिग्रसहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या वर. एक रोजी बुडते, गाडीभाडे जाते. तरी पहिली लेन्स ऑनलाइन न मागवता हातात घेऊन पाहून घ्यावी असे आमचे मत आहे. अमरावती, अकोला जवळ पडेल तर तिथे. जाताना स्वतःचा कॅमेरा, कार्ड आणि वर्तमानपत्राचे एक पूर्ण पान न्यावे. आमच्या साप्ताहिकाचे चालेल. पान दुकानातल्या भिंतीला सपाट चिकटवून समोर सरळ उभे राहावे आणि १७ ला, मधे आणि ७० ला, २.८ वर फोटो घ्यावेत. चारही कोपऱ्यांतली अक्षरे मोठी करून पाहावीत. चारही कोपरे थोडे मऊ असतील तर हरकत नाही. तीन स्पष्ट आणि एक पुसट असेल तर आतली काच तिरकी बसली आहे, ती लेन्स परत द्यावी. जुनी लेन्स घेत असाल तर मागून टॉर्च मारून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. कितीही स्वस्त असो, नको. जीएसटीचे पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी याशिवाय पैसे देऊ नयेत. बिल नसलेला बाहेरचा माल काही हजारांनी स्वस्त मिळतो, आणि बिघडला की दुरुस्तीला कोणी उभे करत नाही.

पैशाचे बोलू. भाव रोज बदलतात, म्हणून आकडा आम्ही उदाहरणादाखल घेतो. समजा लेन्स साठ हजारांना पडली. बचत गटाचे व्याज महिन्याला शेकडा दोन असेल तर दरमहा बाराशे रुपये नुसते व्याजाचे. दीड लाख उचलले असते तर तीन हजार. आपल्या लग्नांना मुहूर्त लागत नाही, तरी सुट्ट्यांमुळे गर्दी उन्हाळ्यातच होते आणि पावसाळ्यात फोटोग्राफरचा हात रिकामा असतो. व्याजाला मात्र पावसाळा नसतो. प्रत्येक ऑर्डरीतून दोन हजार लेन्सच्या नावाने बाजूला काढले तर साठ हजारांना तीस लग्ने लागतात. गेल्या वर्षी मुलाने किती केली, ते त्याला विचारा आणि तेवढ्यावरच हो म्हणा, पुढच्या वर्षीच्या आशेवर नको.

गटातून घेण्याआधी बँकेत जा. प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्यात पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज शिशु गटात आणि त्याच्या वर पाच लाखांपर्यंतचे किशोर गटात बसते, तारण मागत नाहीत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी काम करते. त्याच्या बीजभांडवल योजनेत काही वाटा महामंडळ देते, मोठा वाटा बँक, आणि थोडा स्वतःचा घालावा लागतो. चौकशी यवतमाळच्या जिल्हा कार्यालयात करावी. कागद फिरायला वेळ लागतो, म्हणून लेन्स उन्हाळ्यात हवी असेल तर दिवाळीनंतर लगेच अर्ज टाकावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, आधार, आणि दुकानाचे कोटेशन सोबत ठेवावे. अर्ज मुलाच्या एकट्याच्या नावाने करण्याआधी मुलीचाही विचार करा. कामात ती निम्मी आहे. कोटेशनवर लेन्सचे पूर्ण नाव आणि 'सोनी ई माऊंट' असे लिहून घ्या. नुसते 'टॅमरॉन १७-७०' असेल तर परत पाठवा. त्याच नावाची, त्याच आकड्यांची लेन्स फुजीच्या माऊंटलाही येते आणि ती तुमच्या कॅमेऱ्यावर बसणार नाही.